आधी रस्ता मोजा, मग अर्ज लिहा

दक्षिण पुण्यातल्या एका जुन्या बंगल्यांच्या सोसायटीतून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय चौसष्ट, शिक्षिका म्हणून निवृत्त, यजमान सहा वर्षांपूर्वी गेले. सासऱ्यांना हा प्लॉट पानशेतच्या पुरानंतर मिळाला; ताई १९८४ साली लग्न होऊन इथे आल्या. शेजारच्या बंगल्यातल्या अण्णा-वहिनींशी चाळीस वर्षांचा घरोबा. दोन कंपाउंडांच्या मधल्या भिंतीत एक छोटं फाटक आहे आणि ते कधी बंद नसायचं. आता अण्णांनी बंगला डेव्हलपरला द्यायचं ठरवलं आहे. खाली पार्किंग, वर सात मजले, एकवीस फ्लॅट. नकाशे महिन्याभरात महापालिकेत दाखल होतील असं कळतंय. "हा बंगला झोन आहे, इथे अशी इमारत नियमातच बसत नाही," असं ताईंचं म्हणणं. सोसायटीच्या सभेत त्यांनी कडाडून विरोध केला, सह्यांची मोहीम काढली, बासष्ट सह्या झाल्या. सभेपासून वहिनी बोलत नाहीत आणि फाटकाला पलीकडून कडी लागली आहे. ताई विचारतात: स्टे कसा आणायचा? एनओसी दिली नाही तर हे थांबेल का? आणि मी चुकतेय का?

ताई,

तुम्ही हाताने लिहिलेल्या पत्राचे फोटो पाठवलेत. "मी चुकतेय का?" हा प्रश्न शेवटच्या पानाच्या समासात, वेगळ्या शाईत आहे. पत्र पूर्ण झाल्यावर, बहुधा दुसऱ्या दिवशी, तुम्ही तो लिहिला असावा. मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटला. पण त्याच्याकडे जायच्या आधी 'बंगला झोन' हा शब्द बघू, कारण तुमचा सगळा विरोध त्यावर उभा आहे आणि तो पाया कच्चा आहे.

विकास आराखड्यात तुमचा भाग निवासी म्हणून दाखवलेला असणार. निवासी म्हणजे राहण्यासाठी. त्यात बंगला बसतो आणि सात मजलेही बसतात. चाळीस वर्षं आजूबाजूला बंगलेच दिसले म्हणून आपण त्याला बंगला झोन म्हणायला लागतो. महापालिकेच्या कागदावर तो शब्द बहुतेक सापडणार नाही. खात्री करायची तर महापालिकेकडून तुमच्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला काढा. एका कागदात वाद मिटेल.

मग किती बांधता येईल हे कशावर ठरतं? मुख्यतः समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर. मुंबई आणि काही मोजके भाग वगळता राज्यभर लागू असलेली एकत्रीकृत नियमावली, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात, २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झाली. तिच्यातला एफएसआयचा, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येईल त्याचा, तक्ता महापालिका क्षेत्रासाठी असा: रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल तर मूळ एफएसआय १.१०, त्यावर प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) नाही, टीडीआर (दुसऱ्या जमिनीच्या बदल्यात मिळालेला, विकत घेता येणारा बांधकामाचा हक्क) नाही. रस्ता नऊ मीटरचा असेल तर १.१० अधिक प्रीमियम ०.५० अधिक टीडीआर ०.४०, म्हणजे २.०० पर्यंत. शिवाय दोन्हीकडे पैसे भरून निवासी बांधकामाला आणखी ६० टक्क्यांपर्यंत अँसिलरी, म्हणजे जिने-बाल्कन्यांसारख्या पूरक भागांसाठीचा, एफएसआय मिळतो.

अण्णांचा प्लॉट तुम्ही साडेपाचशे चौरस मीटरचा लिहिला आहे. गणित करून बघा. अरुंद रस्त्यावर ६०५ चौरस मीटर, अँसिलरी धरून ९६८. नऊ मीटर रस्त्यावर ११००, अँसिलरी धरून १७६०. पहिल्या आकड्यात एकवीस फ्लॅट मावणं अवघड आहे, दुसऱ्यात ते आरामात मावतात.

आणि तुम्हीच पत्रात ओझरतं लिहून गेलात की "आमचा रस्ता साधारण पंचवीस फुटी". पंचवीस फूट म्हणजे साडेसात मीटरच्या किंचित वर. नऊ मीटर म्हणजे साडेएकोणतीस फूट. ताई, तुमचं सगळं प्रकरण या साडेचार फुटांत आहे. झाडी, शांतता, कॉलनीचा दर्जा यांवर तुम्ही तीन पानं लिहिलीत आणि रस्त्यावर अर्धी ओळ.

तेव्हा आधी रस्ता मोजा. पहाटे, गाड्यांची वर्दळ सुरू व्हायच्या आत, कुणाला तरी सोबत घेऊन. लांब टेप हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. या कंपाउंडपासून त्या कंपाउंडपर्यंत, निदान पाच ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी टेपच्या आकड्याचा फोटो. गल्लीच्या तोंडाशी जिथे रस्ता चिंचोळा होतो तिथे विसरू नका. हे करताना स्वतःच्या भिंतीकडेही नीट बघा. मंजूर लेआउटमध्ये रस्ता जास्त रुंद असतो आणि वर्षानुवर्षं एकेकाची भिंत, फाटकाचा उतार, कुंड्यांचा कट्टा पुढे सरकलेला असतो. तुम्ही मागच्या बाजूला यजमानांच्या आजारपणात एक खोली वाढवली असं लिहिलं आहे. तिची परवानगी आहे ना? तुम्ही शेजारच्या प्लॉटची फाइल मागितलीत की तुमच्या फाइलची मागणीही कुणीतरी करणार, हे धरून चाला. मी घाबरवत नाही, पण हे आधी माहीत असलेलं बरं.

रस्ता आज साडेसात मीटर भरला तरी तो कागदावर नऊ मीटर असू शकतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली आयुक्तांना रस्त्याची नियमित रेषा, म्हणजे त्याची कागदावरची हद्द, ठरवता येते. पुणे महापालिकेने २०२० साली सहा मीटरचे तीनशेहून अधिक रस्ते असेच नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव आणला होता, त्यावर शहरात बरीच चर्चाही झाली. अशी नवी रेषा आखताना जाहीर नोटीस काढावी लागते, हरकती ऐकाव्या लागतात. तुमच्या रस्त्याची रेषा ठरली आहे का, ठरली असेल तर कधी, हा माहितीच्या अधिकारातला तुमचा पहिला प्रश्न. अर्जाची फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. त्याच अर्जात सोसायटीच्या मूळ मंजूर लेआउटची प्रत मागा. नकाशे दाखल झाले की दुसरा अर्ज करून दाखल नकाशा, अग्निशमन विभागाचे अभिप्राय आणि झाडांबाबतचा प्रस्ताव मागा. अर्ज मोघम नको. 'सर्व कागदपत्रे' असं लिहिलं की 'माहिती विस्तृत आहे' असं उत्तर येतं.

आता एनओसी. आपल्याकडे शेजाऱ्याची एनओसी लागते हा समज घट्ट बसला आहे. बांधकाम परवानगीसाठी तुमची, शेजारीण म्हणून, संमती साधारणपणे लागत नाही. सोसायटीची मात्र लागू शकते, आणि ते झोनवर अवलंबून नसून जमिनीच्या मालकीवर आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत आणि खडकवासला फुटल्यावर पूरग्रस्तांच्या अनेक सोसायट्यांना शासनाची जमीन मिळाली. जमीन अजून भाडेपट्ट्यावर आहे की भोगवटादार वर्ग दोनची (शासनाच्या परवानगीशिवाय विकता न येणारी) आहे, की वर्ग एकमध्ये (पूर्ण मालकीत) रूपांतर झालं आहे? प्लॉट सभासदाच्या नावावर आहे की सोसायटीच्या? पट्ट्यात 'एका प्लॉटवर एकच घर' अशी अट आहे का? हस्तांतराला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते का? याची उत्तरं नगर भूमापन कार्यालयातून मिळणाऱ्या मिळकत पत्रिकेत (प्रॉपर्टी कार्डात) आणि सोसायटीच्या कपाटातल्या मूळ आदेशात आहेत. तुमच्या सोसायटीत गेल्या वीस वर्षांत कुणी तो आदेश वाचला असेल असं मला वाटत नाही. तुमच्या बाजूचा खरा मुद्दा असलाच तर तो इथे असू शकतो.

सह्यांबद्दल थोडं कटू सांगते. आमच्या गल्लीत काही वर्षांपूर्वी अशीच एक इमारत येत होती. आम्ही दीडशेच्या आसपास सह्या गोळा केल्या. 'परिसराच्या स्वरूपाशी विसंगत' असं छान मराठी लिहिलं. उत्तर एका ओळीचं आलं: प्रस्ताव नियमावलीनुसार तपासण्यात येईल. मग आमच्यातले एक निवृत्त ड्राफ्ट्समन नकाशा घेऊन बसले, भिंग घेऊन. पार्किंगचा रॅम्प बाजूच्या मोकळ्या जागेत आला होता आणि तिथून अग्निशमनची गाडी वळूच शकली नसती. त्यांनी अर्ध्या पानाचा अर्ज दिला, सोबत नकाशाची झेरॉक्स आणि तांबड्या पेनाने एक वर्तुळ. नकाशा बदलून आला. इमारत झाली, पण रॅम्प दुसरीकडे गेला. दीडशे सह्यांनी झालं नाही ते त्या वर्तुळाने झालं.

मोजता येईल असा मुद्दा कोर्टातही टिकतो. नोएडाच्या 'एमराल्ड कोर्ट' या गृहसंकुलाच्या रहिवाशांचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे, पण ते कशावर जिंकले हे फारसं कुणी सांगत नाही. त्यातला एक मुख्य मुद्दा असा: दोन इमारतींमध्ये किमान सोळा मीटर अंतर हवं होतं, प्रत्यक्षात ते नऊच्या आसपास होतं. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०२१ ला जुळे मनोरे पाडायला सांगितले आणि २८ ऑगस्ट २०२२ ला ते पडले. रहिवासी २०१२ मध्ये कोर्टात गेले होते. म्हणजे हातात बिनतोड मुद्दा असूनही दहा वर्षं. उलट मुंबईत वरळीच्या कॅम्पा कोला इमारतींमध्ये बेकायदा मजल्यांचा भार शेवटी ज्यांनी घरं घेतली त्यांच्यावर पडला. त्यामुळे नियम मोडत असेल तर तो पाया खणायच्या आत दाखवून द्या. इमारत चार मजले वर आल्यावर गेलात तर कोर्ट पहिला प्रश्न विचारतं: इतके दिवस कुठे होता? आणि स्टे सहज मिळतो असं कुणी वकील म्हणाला तर दुसऱ्या वकिलाला विचारा.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य. "फ्लॅट झाले की कोण कुठले लोक येतील सांगता येत नाही." ताई, तुमची लेक वाघोलीला फ्लॅटमध्ये राहते. सकाळी साडेसातला निघते आणि नातवाला पाळणाघरात सोडून कामावर जाते, हे तुम्हीच लिहिलं आहे, हळहळून. तिला तुमच्या जवळ घर का घेता आलं नाही? कारण तुमच्या भागात विकायला आहेत ते बंगले, आणि बंगला तिला या जन्मात परवडणार नाही. वाघोलीची ती इमारत उभी राहताना तिथल्या जुन्या रहिवाशांनीही हेच म्हटलं असेल. आणि साठच्या दशकात पेठांमधली पडकी घरं सोडून, ट्रंका आणि वाचलेली भांडी घेऊन तुमचे सासरे त्या माळावर आले, तेव्हा आजूबाजूच्या शेतकऱ्यांसाठी तेही कोण कुठलेच होते. पाण्याने घर नेलेल्या माणसांना शहराने जागा करून दिली म्हणून तुमची कॉलनी आहे. मला त्याचा फार आदर वाटतो, आणि म्हणूनच ते वाक्य मला टोचलं.

याचा अर्थ तुमचं काहीच खरं नाही असं नाही. तुमच्या चार काळज्या अगदी खऱ्या आहेत, फक्त त्या 'झोन'च्या खाली दबून गेल्या आहेत.

पहिली पाण्याची. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र तुम्ही पाहिली आहे. आंबिल ओढ्याचं पाणी घरांत शिरलं, माणसं गेली. बागेची माती पाऊस पिते, काँक्रीटचं पार्किंग पीत नाही. एका घराच्या जागी एकवीस घरांचं सांडपाणी त्याच जुन्या लाइनमध्ये जाणार. लाइनचा व्यास किती, नवीन जोड कुठे देणार, पावसाचं पाणी जिरवायला शोषखड्डे किती आणि कुठे, प्लॉटचा उतार कोणाच्या बाजूला? हे प्रश्न लेखी विचारा, मलनिःसारण विभागालाही आणि डेव्हलपरच्या आर्किटेक्टलाही. माझं स्पष्ट मत आहे की दक्षिण पुण्यात कुठल्याही नव्या इमारतीबद्दल मजल्यांच्या आधी हे विचारायला हवं.

दुसरी उजेडाची. पूर्वेच्या खिडकीतून सकाळचं ऊन ओट्यावर येतं, त्या उन्हात तुम्ही अजून लोणच्याची बरणी ठेवता. हे हळवेपण म्हणून सोडून देऊ नका. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात, वीस वर्षं अखंड मिळत आलेल्या उजेड-हवेवर हक्क निर्माण होऊ शकतो. उजेड थोडा कमी झाला एवढ्याने दावा उभा राहत नाही, घर वापरण्यात ठळक अडचण यावी लागते. पण आजच तारीख-वेळेसकट फोटो काढून ठेवा, थंडीत पुन्हा काढा. इमारत जितकी उंच तितकी बाजूला जास्त मोकळी जागा सोडावी लागते. नकाशात तुमच्या बाजूचं अंतर किती लिहिलंय ते पट्टीने तपासा.

तिसरी खोदकामाची. तुमचं घर पन्नास वर्षांपेक्षा जुनं, विटांचं. शेजारी खणायला लागायच्या आधी एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून घराची पाहणी करून घ्या, आज असलेल्या प्रत्येक भेगेचा फोटो आणि तिच्याजवळ पट्टी धरून मोजमाप. ही पाहणी डेव्हलपरने स्वतःच्या खर्चाने करून द्यावी असं तुम्ही म्हणू शकता. नंतर 'ही भेग आधीचीच' हे वाक्य ऐकावं लागत नाही.

चौथी झाडांची. अण्णांच्या दारातला आंबा तुम्ही लिहिला आहे. झाड तोडायला परवानगी लागते, झाडावर नोटीस लागते, तिच्यातल्या मुदतीत हरकत घेता येते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं आणि त्याहून जुनी झाडं हेरिटेज वृक्ष धरली जातात. आंबा कोणत्या साली लावला हे वहिनींना नक्की आठवत असेल.

आणि इथून मी वहिनींकडे येते. पत्रात तुम्ही सगळीकडे 'बिल्डर' लिहिलंय, पण बंगला अण्णांचा आहे. त्यांनी तो का दिला, हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. एवढं मात्र लिहिलंय की वहिनी आता जिना उतरताना पाठमोऱ्या उतरतात, दोन्ही हातांनी कठडा धरून. झोपायची खोली वर, मुलगा परदेशात, गळकी गच्ची. त्यांना लिफ्ट हवी आहे, ताई. खाली सुरक्षारक्षक हवा आहे, रात्री छातीत दुखलं तर दार वाजवता येईल असं कुणी हवं आहे. तुम्ही सभेत "पैशासाठी कॉलनी विकायला निघालेत" असं बोललात. ते त्यांनी समोर बसून ऐकलं. नियमांबाबत तुमची समजूत चुकली, ते कुणाचंही होतं. या वाक्यात मात्र तुम्ही चुकलात, असं मला वाटतं, आणि ते तुमच्या समासातल्या प्रश्नालाही ठाऊक आहे.

फाटकाची कडी पलीकडून आहे, तेव्हा पुढच्या दाराने जा. सोबत अर्ज नको, सह्या नकोत. आधी त्या वाक्याबद्दल बोला. बाकीचं त्याच दिवशी बोलायचा आग्रह धरू नका. दुसऱ्यांदा जावं लागेल, जा. मग कधीतरी विचारा की नकाशा दाखवाल का. मंजुरीच्या आधी नकाशात बदल करणं म्हणजे आर्किटेक्टचं दोन दिवसांचं काम. जनरेटर तुमच्या झोपायच्या खोलीशेजारून हलवणं, कचऱ्याची खोली रस्त्याच्या बाजूला नेणं, जिन्याच्या खिडक्या तुमच्या अंगणावर न उघडणं, आंबा राखून पार्किंग फिरवणं, हे आज सहज होऊ शकतं, मंजुरीनंतर अवघड. कामाच्या वेळा, धुळीसाठी जाळी, मजुरांसाठी संडास, ट्रक कुठे उभे राहणार, हे सगळं डेव्हलपरकडून लेखी घ्या, अण्णांच्या सहीसकट.

तुम्हीही त्यांच्या उपयोगी पडू शकता. एकवीस फ्लॅट आणि पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठा प्लॉट म्हणजे विक्रीच्या आधी महारेराची, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाची, नोंदणी आलीच. त्या संकेतस्थळावर मंजूर नकाशे आणि परवानगी कुणालाही फुकट बघता येते. डेव्हलपरचे आधीचे प्रकल्प वेळेत झाले का तेही तिथेच दिसतं. अण्णांनी हे पाहिलंय का? काम रखडलं तर घरभाडं कोण देणार, बँक गॅरंटी आहे का, कुलमुखत्यारपत्रात काय काय लिहून दिलंय? वयाच्या पंच्याहत्तरीत, मुलगा दूर असताना, हे कागद कुणीतरी शेजारी बसून वाचायला हवेत. तुम्ही तीस वर्षं वह्या तपासल्या आहेत.

एवढं करूनही रस्ता साडेसात मीटरच निघाला, नियमित रेषा ठरलेली नसली आणि नकाशात नऊ दाखवला असला, तर मात्र मागे हटू नका. तेव्हा महापालिकेकडे लेखी हरकत घ्या, मोजमापाच्या फोटोंसकट, आणि पोच घ्या. अण्णांना ती द्यायच्या आधी स्वतः दाखवा. खोट्या रुंदीवर उभी राहिलेली इमारत पुढे अडचणीत आली तर सगळ्यात आधी त्यांचंच घर लटकेल.

बासष्ट सह्यांचा कागद तूर्त कपाटात ठेवा. या आठवड्यात रस्ता मोजा, मिळकत पत्रिकेसाठी अर्ज करा. पत्रिका हातात आली की 'धारणाधिकार' (जमीन कोणत्या हक्काने धरली आहे) या रकान्यात काय लिहिलंय ते आणि सोसायटीचा मूळ आदेश सापडला तर त्याच्या सगळ्या पानांचे फोटो मला पाठवा. वकिलाकडे जाण्यासारखं त्यात काही आहे का, ते वाचून कळवते.